यंदाच्या अंकातली थाप

मुद्रण विद्यालयातून एकाच वर्षी बाहेर पडलेल्या चौतीस जणांपैकी आता एकोणीस उरले होते, आणि त्या एकोणिसांची खबरबात दर वर्षी चार पानांत छापून घरोघर पाठवायचं काम थोरलीच्या बाबांनी चाळीस वर्षांपूर्वी आपण होऊन गळ्यात बांधून घेतलं होतं. अंकाचं नाव 'पुरवणी'. कुणाच्या मुलीला नोकरी लागली, कुणाच्या नातवाला दात आले, कोण परदेशी मुलाकडे राहायला गेलं आणि कंटाळून दीड महिन्यात परत आलं, सगळं त्यात यायचं.

अंकाचे नियम दोनच. पहिला असा, की आजार छापायचा नाही. या वयात सगळ्यांचे आजार सारखेच, एकाचा वाचला की एकोणिसांचा वाचल्यासारखा, असं बाबांचं म्हणणं. मरण छापायचं, पण शेवटच्या पानावर, दोन ओळींत.

दुसरा नियम थापेचा. त्यांना प्रूफ तपासायला शिकवणारे एक सर होते. ते प्रत्येक प्रुफात मुद्दाम एक चूक लपवून ठेवत आणि ती सापडल्याशिवाय वर्गाला जेवायला सोडत नसत. त्यांची आठवण म्हणून 'पुरवणी'च्या प्रत्येक अंकात एक बातमी खोटी असायची. एकदा वर्गातल्या लांब्यानं म्हातारपणी घोडा घेतल्याचं छापलं होतं, एकदा कुणीतरी वयाच्या साठीत सर्कशीत भरती झालं होतं. जो सर्वांत आधी थाप ओळखेल त्याचं नाव पुढच्या अंकात ठळक अक्षरात. एवढ्याशा मानासाठी सत्तरी उलटलेली माणसं अंक हातात पडल्यापडल्या फोनला लटकायची आणि आपला फोन लागला नाही म्हणून वर्षभर फुगून बसायची.

गेल्या तीन वर्षांत बाबांनी या अंकातला एक शब्दही लिहिला नव्हता. तो लिहीत होती थोरली.

सुरुवात साधीच झाली होती. बाबांना मजकूर सांगता सांगता माणसं हरवायला लागली. हा कोण, ती कुणाची, असं विचारत ते मध्येच थांबायचे आणि चिडायचे. तेव्हा थोरलीनं आलेली पत्रं स्वतःच पुढ्यात ओढली आणि बाबांच्या खवचट भाषेत चार पानं लिहून काढली. लहानपणापासून ती भाषा ऐकत आली होती, त्यामुळे फार कष्ट पडले नाहीत. संपादकाच्या स्वतःच्या बातमीची जागा आली तेव्हा मात्र तिची लेखणी अडली. आजार तर छापायचा नाही. मग तिनं लिहिलं, संपादक रोज सकाळी तासभर चालतात आणि आत्मचरित्र लिहायला घेतलं आहे, तेव्हा सर्वांनी सांभाळून राहावं. मित्रमंडळी बेहद्द खूश झाली. म्हाताऱ्याची लेखणी वयाबरोबर धारदार होत चालली आहे, असं एकानं कळवलं. थोरलीला तेव्हा गंमत वाटली होती, हे तिला आता आठवलं की स्वतःचाच राग यायचा.

कारण ज्या बाबांची लेखणी धारदार होत होती ते बाबा आंघोळीच्या खोलीत उभे राहून आपलं घर कुठे आहे विचारत होते. शेगडी पेटवून विसरत होते. गेलेली बायको अजून बाजारातून कशी आली नाही म्हणून दिवसातून चारदा दाराशी जात होते, आणि दार उघडं सापडलं तर जिना उतरून रस्त्याला लागत होते. एकदा दोन चौक पलीकडे, एका चष्म्याच्या दुकानात, मालकाला प्रूफ कधी देणार म्हणून दटावताना सापडले. तेव्हापासून दाराला आतून कुलूप असायचं आणि किल्ली थोरलीच्या गळ्यात. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची खिडकी, एवढ्यात दोघं राहत होती. कुलूप बाबांसाठी होतं खरं, पण त्याच्या आत तीही होती.

ती जुन्या कागदपत्रांच्या दफ्तरात कागद दुरुस्त करायची. वाळवीनं खाल्लेली, पाण्यानं फुगलेली पानं पातळ कागदानं सांधायची. पूर्ण दिवसाचं काम तिनं कधीच अर्ध्या दिवसावर आणलं होतं, आणि तेवढा वेळ खालच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई बाबांजवळ बसायच्या. अठ्ठेचाळीस वर्षांची झाली होती थोरली. आपल्यासाठी आता काही नवं घडेल हा विचार तिनं सोडून दिला होता, आणि नेमकं तेव्हाच दुसऱ्या शहरातल्या मोठ्या दफ्तराचं पत्र आलं. दुरुस्तीचा विभाग नव्यानं उभा करायचा आहे, प्रमुख म्हणून याल का? उत्तर महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत हवं होतं.

पत्र तिनं कपाटात ठेवलं. दिवसातून तीनदा काढून वाचलं. मग रविवारी धाकट्याचा फोन आला तेव्हा सगळा धीर एकवटून त्याला सांगितलं.

धाकटा परदेशात, चांगल्या नोकरीत, मोठ्या घरात. माणूस वाईट नव्हता. बाबांना घेऊन जा, निदान दोन वर्षं सांभाळ, एवढंच तिचं मागणं होतं. त्यानंही नाही म्हटलं नाही, फक्त त्याला ते खरं वाटेना. दर रविवारी तो बाबांशी दहा मिनिटं बोलायचा, आणि ती दहा मिनिटं बाबा असे काही बोलायचे की ऐकणाऱ्यानं कान टवकारावेत. तुझ्या साहेबाला सांग, आमच्या वेळी असं नव्हतं, वगैरे. माणसं विसरली तरी बोलण्याची ढब विसरली नव्हती. डॉक्टरांचा कागद तिनं पाठवला होता, पण त्यावर धाकट्याच्या डॉक्टर मित्रानं वयोमानानं होतंच असं सांगून हात झटकले होते. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे 'पुरवणी' त्याच्याही घरी जायची.

"ताई, जो माणूस असा अंक काढतो त्याला कळत नाही म्हणतेस?"

"अंक मी काढते."

"ते मजकूर सांगतात, तू टाइप करतेस. माहितीय मला."

तीन वर्षं स्वतःच्या हातानं भिंत बांधली होती, आणि बांधकाम पक्कं झालं होतं.

त्याच आठवड्यात यंदाचा अंक निघायचा होता. थोरलीनं ठरवलं, पहिला नियम मोडायचा. दुसऱ्या पानावर, एकीकडे कुणाच्या जुळ्या नाती आणि दुसरीकडे कुणाच्या गुलाबाला मिळालेलं बक्षीस, यांच्या मधोमध तिनं सरळ शब्दांत लिहिलं: 'संपादकांची आठवण तीन वर्षांपासून जात आहे. त्यांना स्वतःचं घर आणि बरीचशी माणसं ओळखता येत नाहीत. गेले तीन अंक त्यांच्या मुलीनं लिहिले, हाही तिनंच लिहिला आहे.' शेजारच्या खोलीत बाबा खुर्चीत बसून वर्तमानपत्राच्या समासावर बोट फिरवत होते, आणि आपण त्यांना चारचौघांत उघडं पाडतोय असं तिला वाटत राहिलं. तरी तिनं अंक छापला, पाकिटात घातला, टपालात टाकला.

आणि एक गोष्ट विसरली. त्या चार ओळींपायी तिचा जीव इतका टांगणीला लागला होता, की अंकात थाप टाकायची राहूनच गेली.

चौथ्या दिवसापासून फोन सुरू झाले. पहिला लांब्याचा. ओळखलं, म्हणाला, दुसरं पान, संपादकांची आठवण, माझं नाव ठळक छापायला सांग. तिनं समजावायचा प्रयत्न केला तर तो हसत सुटला आणि म्हाताऱ्यानं तुलाही सामील करून घेतलंय वाटतं, म्हणाला. दुसरा फोन, तिसरा फोन, मग पत्रं. एकानं स्वतःवर असा विनोद करायला छाती लागते म्हणून कौतुक केलं. एकीनं थोडी नाराजी कळवली, या वयात असली थट्टा अंगावर काटा आणते, म्हणाली, पण बाकी अंक झकास. एकोणिसांपैकी बाबा सोडून अठरा, त्यातल्या सोळा जणांनी थाप म्हणून बोट ठेवलं ते नेमक्या त्याच चार ओळींवर. उरलेल्या दोघांना जुळ्या नातींची शंका होती.

धाकट्याचा फोन रविवारची वाट न पाहता आला. बाबांनी मलाही क्षणभर गंडवलं, म्हणाला.

"ती थाप नाहीये," थोरली म्हणाली. आवाज तिला वाटलं त्यापेक्षा वर गेला होता.

त्यानं विचारलं, "मग थाप कुठली आहे?"

या वेळी टाकलीच नाही, राहून गेली, असं ती शेवटी म्हणाली, आणि ते आपल्याच कानाला किती पोकळ लागतंय ते तिला कळलं. चाळीस वर्षांत थापेशिवाय अंक निघाला नव्हता. बाबांना टायफॉइड झाला त्या वर्षीसुद्धा थाप चुकली नव्हती. धाकट्यानं ते मोजूनमापून ऐकवलं नाही, नुसतं 'बरं' म्हणाला. थोरलीचे डोळे भरून आले आणि ती फोनवर रडली. आईच्या आजारपणातही भावापुढे ती कधी रडली नव्हती.

तेव्हा धाकटा वरमला. "रडू नकोस ताई. असं करू. शाईमावशी तुझ्यापासून तीन तासांवर आहे. तिला म्हणतो, जाऊन बघून ये. ती जे म्हणेल ते मला मान्य. ती म्हणाली बाबा बरे नाहीत, तर मी पुढच्या आठवड्यात येऊन घेऊन जातो. शब्द देतो."

शाईमावशी म्हणजे बाबांच्या वर्गातली एकमेव मुलगी. बोटं कायम काळी, म्हणून सगळे शाई म्हणायचे. पुढे तिनं स्वतःचा छापखाना चालवला, नवरा गेला, दोन्ही गुडघे बदलले, तरी जिभेची धार गेली नव्हती. खोटं बोलायची नाही आणि कुणाची भीड ठेवायची नाही. धाकट्याला लहानपणी तिनं कडेवर खेळवलं होतं. तिच्याइतका चांगला पंच मिळाला नसता. गुरुवारी येते, असा तिचा निरोप आला. शुक्रवारी दफ्तराला उत्तर द्यायचं होतं. थोरलीचा जीव भांड्यात पडला. शाईमावशीसमोर पाच मिनिटं बसल्यावर कुणाला वेगळं काही सांगावं लागणार नव्हतं.

त्या तीन दिवसांत थोरलीच्या मनात जे आलं ते तिनं कुणालाही सांगितलं नसतं. गुरुवारी बाबांचा दिवस वाईट जावा, असं तिला वाटलं. त्यांची दाढी करून द्यायची नाही. सदऱ्याची बटणं वरखाली लागली तर लागू द्यायची. बायको कुठे गेली असं त्यांनी शाईमावशीलाच विचारावं. असं मनात आलं की ती उठून बाबांसाठी काहीतरी गरम करून आणायची, आणि ते मुकाट्यानं खायचे, तेव्हा तिला तोंड लपवावंसं वाटायचं. पण विचार काही जायचा नाही. दोन वर्षं. फक्त दोन वर्षं मागत होती ती.

गुरुवारी सकाळी नर्सबाई बाबांजवळ बसल्या होत्या आणि थोरली दुकानातून दूध आणायला गेली होती. परत आली तर नर्सबाई दारातच हसत उभ्या. आज स्वारी खुशीत आहे, म्हणाल्या, माझ्याकडून कपाटातला कोट काढून घेतला. आत बाबा खुर्चीत ताठ बसले होते. दाढी केलेली, हनुवटीवर एक कापल्याची खूण, केस पाण्यानं चापून बसवलेले, आणि भर उन्हाळ्यात अंगात लांब बाह्यांचा जाड कोट. थोरलीनं कोट काढा म्हटलं तर ते राहू दे म्हणाले. तिनं हट्ट धरला नाही. बरंच झालं, असं तिला वाटलं. एवढ्या उकाड्यात कोट घालून बसलेला माणूस बघून शाईमावशीला काय ते समजेल.

शाईमावशी अकराला आली. एकेका पायरीवर थांबत, धापा टाकत वर आली आणि दारातूनच म्हणाली, "काय संपादक, ओळखलंत का?"

"काळी बोटं दाखव, मग सांगतो," बाबा म्हणाले.

थोरली स्वयंपाकघराच्या दाराशी जागच्या जागी उभी राहिली.

पुढचे दोन तास बाबांनी घर दणाणून सोडलं. नवे गुडघे कसे आहेत, जुन्यांपेक्षा कमी कुरकुर करतात का, असं त्यांनी विचारलं. तिच्या धाकट्या नातवाचं विमानाचं शिक्षण कुठवर आलं, तेही विचारलं. तिच्या नवऱ्याचं नाव निघालं तेव्हा आवाज खाली आणून, भला माणूस होता, म्हणाले. मग प्रुफवाल्या सरांची नक्कल झाली, छपाईच्या खिळ्यांची आख्खी पेटी लांब्याच्या पायावर पडली ती गोष्ट झाली, आणि शाईमावशी डोळे पुसत हसली. मधूनमधून बाबा थांबायचे, कोटाची डावी बाही थोडी वर सारून मनगट खाजवल्यासारखं करायचे, कपाळावरचा घाम टिपायचे आणि पुन्हा सुरू व्हायचे. थोरलीनं चहा दिला, खारी दिली, कपबश्या उचलल्या. बाबांना इतकं छान बोलताना तीन वर्षांत तिनं पाहिलं नव्हतं, आणि तिला आनंद होत नव्हता. या गोष्टीची तिला फार लाज वाटली.

निघताना शाईमावशीनं तिला जिन्यापर्यंत बाहेर नेलं आणि तिचा हात हातात घेतला.

"मी खोटं बोलणार नाही बाळा. माझ्यापेक्षा बरा आहे तो. थोडं विसरत असेल, मीही विसरते. थकलीयेस ती तू. चार दिवस माझ्याकडे ये राहायला." धाकट्याला तिनं तिथूनच, जिन्यात उभं राहून, फोन लावला. थोरलीनं सगळं ऐकलं. मावशी प्रेमानं बोलत होती, पोरीला जरा विसावा दे, अधूनमधून येत जा, असं धाकट्याला खडसावत होती. तिच्या बोलण्यात एकही शब्द वावगा नव्हता. मग ती कठडा धरून एकेक पायरी उतरायला लागली.

थोरली आत आली. सवयीनं कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली.

बाबा खुर्चीत कलंडले होते. सगळा ताठा गेला होता. श्वास जोरात चालला होता आणि सदरा कोटाच्या आत ओलाचिंब झाला होता. तिनं त्यांचा एक हात बाहीतून सोडवला, मग दुसरा. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून कोपरापर्यंत, निळ्या पेनानं काहीतरी लिहिलेलं होतं. घामानं शाई पसरली होती, पण अक्षर बाबांचंच होतं, जुळणी करणाऱ्याचं, सुटं सुटं.

'शाई. काळी बोटं. गुडघे दोन्ही नवे. नातू धाकटा, विमान. नवरा गेला, भला माणूस. सरांची नक्कल. लांब्या, पेटी, पाय.'

यातली बरीचशी माहिती गेल्या तीन वर्षांच्या 'पुरवणी'तली होती, तिनंच लिहिलेली. सर्वांत खाली, कोपराजवळ, एक ओळ जरा मोठ्या अक्षरात होती. 'ही बाई पास करील तर पोरगी सुटेल.'

तिचं फोनवरचं रडणं आणि बोलणं त्यांनी शेजारच्या खोलीतून ऐकलं होतं. मावशी येऊन बघणार आणि त्यावर सगळं ठरणार, एवढंच त्यांच्या हाती लागलं होतं, आणि ते निसटायच्या आत त्यांनी हातावर लिहून ठेवलं होतं. बरा आहे असं ठरलं की मुलीची सुटका, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला होता. दुसरा कुठला अर्थ लावणार होते ते?

खालून गाडीचं दार वाजलं. तिनं खिडकीतून पाहिलं. शाईमावशी अजून खालीच होती. एक पाय आत टाकून दुसरा उचलायची तयारी करत होती, आणि त्या गुडघ्यांना मिनिटभर तरी लागणार होतं. नुसती हाक मारली असती तरी पुरे होतं. मावशी, वर या, हा हात बघा. मावशी पुन्हा चढून आली असती, हात पाहिला असता, आणि पुढच्या आठवड्यात धाकटा विमानातून उतरला असता. फक्त बाबांना हात पुढे करून उभं राहावं लागलं असतं, त्यांच्या वर्गातल्या एकमेव मुलीसमोर, कॉपी करताना पकडलेल्या मुलासारखं.

खिडकीच्या कडीवर तिचा हात होता. हाक तोंडापर्यंत आली होती.

"गेली का?" मागून बाबांनी विचारलं. "जमलं ना मला?"

गाडी निघाली, चौकात वळली आणि दिसेनाशी झाली.

"जमलं बाबा," थोरली म्हणाली. "छान जमलं."

ती आत जाऊन ओला टॉवेल घेऊन आली आणि त्यांच्या पायाशी बसून हात पुसायला लागली. आधी मनगट, मग वर. निळं पाणी टॉवेलवर उतरत गेलं. बाबा तिच्याकडे कौतुकानं, आणि जरा अनोळखी नजरेनं बघत होते. मग त्यांनी दाराकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

"मग जा ना आता," ते म्हणाले. "थांबलीस कशाला?"